गाभोळी, मुलेट आणि आमच्या चिरंजीवांची मान

मासेवाल्याने दोन मुलेट कागदात गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, "गळाला लावायला ना?" मी म्हटलं, "नाही, जेवायला." त्याने मान वर केली. माझ्या मागच्यानेही केली असावी. भांबावलेल्या माणसाला इथे ऑस्ट्रेलियात 'स्टन्ड मुलेट' म्हणतात, म्हणजे टोला बसून सुन्न झालेला मासा. मी अगदी तश्शी उभी.

अहो, मुलेट म्हणजे आपला बोय! चिखलातलं शेवाळ-बिवाळ खातो म्हणून इथे नाक मुरडतात. त्या खाण्यासाठी त्याला कोंबडीसारखं जाड स्नायूंचं जठर असतं, हे कोणी सांगत नाही. इकडचा शरद, म्हणजे एप्रिल-मे उजाडला की हे मासे अंडी घालायला खाड्या सोडून थव्याने समुद्रात उतरतात. तेव्हा ते चरबीने नुसते तुळतुळीत असतात. न्यूकॅसलला आमच्या पलीकडेच स्टॉक्टनचा लांबलचक किनारा आहे. तिथे कोळी वाळूवर गाडी लावून तासन् तास पाण्याकडे बघत बसतात. थवा दिसला की होडीने जाळं फिरवायचं आणि किनाऱ्यावर ओढायचं. गाभोळी काढून थेट आशियात रवाना, तिकडे ती वाळवून चांगल्या भावाने विकली जाते. म्हणजे गाभोळीला मान आणि माशाला गळ! आणि वर मलाच विचारतात, जेवायला?

दुसरा मुलेट आमच्या घरात राहतो. वय वर्षं चौदा. पुढून कातरलेले, मागे मानेवर लोंबणारे केस, त्यांनाही इथे मुलेटच म्हणतात. आमच्यापासून पाऊण तासावरच्या कुरी कुरी या कोळसा खाणींच्या गावात 2018 पासून या केसांची चक्क स्पर्धा भरते, 'मुलेटफेस्ट'. त्यात रोजचा, गबाळा, लालकेश्यांचा असे वेगवेगळे गट. गंमत म्हणजे 'मुलेट' हे नाव या केसांपेक्षा बरंच नवं. ऑक्सफर्ड शब्दकोश त्याचं श्रेय बीस्टी बॉईज या बँडला देतो, साल 1994. ऐंशीच्या दशकात ज्यांनी असे केस मिरवले, त्या बिचाऱ्यांना आपण मुलेट ठेवलाय याचा पत्ताच नव्हता! 'मुलेटहेड' म्हणजे मठ्ठ, हे मात्र जुनं.

हे केस मला आवडत नाहीत. ऑगस्टमध्ये मी स्वतः कात्री घेऊन त्याच्या मागे लागले होते. पण सप्टेंबरात इथे ब्लॅक डॉग इन्स्टिट्यूटसाठी, मानसिक आरोग्याच्या कामाला, मुलेट वाढवून वर्गणी गोळा करतात. त्यात हाही होता. आणि नेमकं तेव्हाच शाळेचं पत्र आलं: केस कॉलरला टेकता कामा नयेत. झालं, माझं डोकं फिरलं. ज्या देशात या केसांना बक्षिसं मिळतात, तिथे माझ्याच पोराला नियम? मी तीन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. नवरा म्हणाला, "कालपर्यंत तूच कापायला निघाली होतीस." निघाले होते. आई कापेल, शाळा कोण?

शाळेने महिनाअखेरपर्यंत सूट दिली. आभारही मानले, तेही गोड शब्दांत, त्यामुळे भांडायची सोयच राहिली नाही.

त्या रात्री बोय तळला. चिरंजीवांनी माझं रबरबँड मागून मागचे केस बांधले आणि आधी गाभोळी उचलली.