पार्माजवळच्या गोठ्यात आणि चीजच्या कारखान्यात घालवलेली एक सकाळ

उत्तर इटलीतील पार्मा शहरात तीन दिवसांचा मुक्काम होता आणि पार्मिजानो रेज्जानो हे चीज जिथे तयार होते तो कारखाना पाहायचाच, असे आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो. तरीही पहिल्या दिवशी फजिती झाली. निवांत न्याहारी उरकून अकराच्या सुमारास आम्ही शहराबाहेरच्या एका कारखान्याच्या दारात पोहोचलो, तेव्हा तांब्याचे हंडे घासूनपुसून चकचकीत झालेले होते आणि फरशीवर पाण्याचा फवारा चालला होता. हे चीज दिवसातून एकदाच, सकाळीच केले जाते, आणि ज्याला ते होताना पाहायचे आहे त्याने साडेआठच्या आत पोहोचले पाहिजे, एवढी साधी गोष्ट आम्ही विचारलीच नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही दुसरी जागा शोधली. या चीजच्या उत्पादकांचा संघ १९३४ पासून आहे आणि त्याच्या संकेतस्थळावर भेटी स्वीकारणाऱ्या कारखान्यांची यादी मिळते. त्यांपैकी बरेच कारखाने सहकारी असून अनेक गोठ्यांचे दूध एकत्र करतात. आम्हाला मात्र स्वतःच्या गायींचे दूध स्वतःच वापरणारे कुटुंब हवे होते आणि एन्झा नदीच्या खोऱ्यात तसे एक सापडले. फोनवर घरच्या मुलीने इंग्रजीत, पण अगदी नेमके सांगितले, की आठ वाजता या, सपाट बंद बूट घाला आणि अत्तर लावू नका.

सुरुवात गोठ्यापासून झाली. गायी बहुतेक काळ्या-पांढऱ्या होत्या, कोपऱ्यात चार-पाच तांबड्या होत्या. ही तांबडी रेज्जाना जात या भागाची मूळची. मध्यंतरी ती फार कमी उरली होती आणि आता तिच्या दुधाचे चीज वेगळे, चढ्या भावाने विकले जाते. गव्हाणीत वाळलेले गवत आणि लसूणघास होता. मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, कुठेच नव्हता, कारण या चीजच्या नियमांत तो निषिद्ध आहे: मुरघासातून दुधात जाणारे जंतू काही महिन्यांनी चीजच्या पोटात वायू धरतात आणि ते आतून फुगून तडकते. कुठलेही परिरक्षक घालण्याची मुभा नसल्यामुळे ही काळजी गव्हाणीपासूनच घ्यावी लागते. आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याने मुरघास न घालता गोठा चालवायचा ठरवले तर वैरणीचे गणित किती बिघडेल, याचा विचार माझ्या मनात आला.

कारखान्यात शिरताना डोक्याला टोपी, अंगात कागदी झगा आणि बुटांवर पिशव्या चढवल्या. आत उलट्या घंटेच्या आकाराचे चार तांब्याचे हंडे जमिनीत पुरल्यासारखे बसवलेले होते आणि प्रत्येकात सुमारे १,१०० लिटर दूध होते. आदल्या संध्याकाळचे दूध रात्रभर उथळ टाक्यांत ठेवून वर आलेली साय काढून घेतात आणि उरलेल्या दुधात सकाळचे ताजे, सायीसकट दूध मिसळतात. मग घातली जाते ती कालच्या चीजमधून उरलेली, रात्रभर आंबवलेली निवळी. मुलीने हे समजावून सांगितले तेव्हा माझ्या सासूबाई चटकन म्हणाल्या, "अगं, हे तर विरजण!" आणि खरोखर ते विरजणच होते, कालचे आजला आणि आजचे उद्याला.

यानंतर वासराच्या जठरातून काढलेले, दूध थिजवणारे रेनेट पडले आणि दहाएक मिनिटांत हंडाभर दूध थिजले. घरचे आजोबा तारांचा मोठा, फुग्याच्या आकाराचा घोटा घेऊन पुढे आले. त्याला स्पीनो म्हणतात. त्यांनी तो गोलगोल फिरवला तसे थिजलेले दूध तांदळाएवढ्या कणांत मोडत गेले. मग आच वाढवून ते ५५ अंशांपर्यंत तापवले. आजोबा मधूनमधून हात घालून मूठभर कण वर काढत, दाबून पाहत आणि परत सोडून देत. भिंतीवर तापमापक होता, पण त्यांची नजर एकदाही तिकडे गेली नाही. आच बंद झाल्यावर कण तळाशी बसून एकजीव होतात. सुमारे पन्नास मिनिटांनी आजोबांनी आणि जावयाने लाकडी फळीने तळाचा तो जड गोळा वर उचलला, तागाच्या कापडात बांधून हंड्यावर लटकवला आणि सुरीने त्याचे दोन भाग केले. एका हंड्यातून चीजची दोनच चाके, म्हणजे चाकाच्या आकाराचे मोठे गोळे, निघतात. त्यांना ते जुळी म्हणतात.

साच्यात घातलेल्या चाकाच्या कडेवर ठिपक्यांनी चीजचे नाव, महिना, वर्ष आणि कारखान्याचा क्रमांक उमटतो. मग चाके जवळजवळ तीन आठवडे मिठवणीत राहतात आणि तिथून गोदामात जातात. गोदामात पाऊल टाकताच वास बदलला: आधी ओलसर आणि आंबूस, आता सुक्या मेव्यासारखा. छतापर्यंतच्या फळ्यांवर सुमारे ४० किलोंचे एकेक चाक मांडलेले होते. बारा महिने झाल्यावर संघाचा परीक्षक येऊन प्रत्येक चाकावर छोट्या हातोडीने टकटक करून आवाज ऐकतो आणि आत पोकळी नसेल तरच त्यावर तापलेल्या शिक्क्याने डाग देतो. रेज्जो एमिलिया येथील क्रेदेम ही बँक अशी चाके तारण ठेवून कर्ज देते, हे ऐकले तेव्हा आम्हाला प्रथम चेष्टाच वाटली होती. पण पिकायला दोन-तीन वर्षे लागणाऱ्या मालात कुटुंबाचा पैसा अडकून पडतो, हे फळ्यांकडे पाहिल्यावर पटले.

चवीसाठी १२, २४ आणि ३६ महिन्यांचे तुकडे मांडले होते. बारा महिन्यांचे दुधाळ आणि मऊसर, तर छत्तीस महिन्यांचे ठिसूळ, दाताखाली बारीक पांढरे खडे लागणारे. हे खडे मिठाचे नसून प्रथिनांच्या विघटनातून आलेल्या टायरोसिन या अमिनो आम्लाचे असतात. माझी पसंती चोवीसला आहे. छत्तीसचे कौतुक जरा जास्तच होते असे माझे मत आहे. रेनेट ऐकून सासूबाईंनी ताटली मागे सारली. शाकाहारी मंडळींनी हे आधीच जाणून असावे: या चीजमध्ये वासराचेच रेनेट वापरण्याचा नियम आहे, पर्याय नाही, आणि निवळीपासून होणारा रिकोटा हा मऊ, ताजा प्रकारही रेनेटनंतरचाच. सासूबाईंसाठी मुलीने संध्याकाळच्या सायीचे लोणी आणि पाव आणून ठेवला, कारण ती साय रेनेट पडण्याआधीच काढलेली असते.

जाणाऱ्यांनी पार्माला मुक्काम करावा. मिलानहून रेल्वेने साधारण दीड तास लागतो. मात्र गावांकडे जाणाऱ्या बस तुरळक असल्यामुळे सकाळी आठची वेळ गाठण्यासाठी गाडी भाड्याने घ्यावी किंवा आदल्या दिवशीच टॅक्सी सांगून ठेवावी. आत वाफेमुळे उकडते आणि गोदामात गारवा असतो, म्हणून काढता-घालता येईल असा एक स्वेटर जवळ असावा. लहान मुलांना हंड्यांजवळ सैल सोडू नये. फरशी कायम निसरडी असते. शिकवणाऱ्या माणसाचा वेळ जातो, त्यामुळे भेटीचे शुल्क मागितले तर कुरकुर करू नये आणि निघताना थोडे तरी चीज घ्यावे. खरेदी करताना निर्वात पाकीट मागावे, म्हणजे प्रवासात टिकते, आणि तुकडा सालीसकट घ्यावा; सालीवर मेण नसते, त्यामुळे ती खरवडून धुतल्यावर सूपमध्ये उकळायला टाकता येते.