आइसलँडचा कोवळा कातळ

आइसलँडला बहुतेक जण धबधबे आणि हिमनद्या बघायला जातात. मला ओढ होती दगडांची. सह्याद्रीत भटकणाऱ्याची काळ्या कातळाशी सलगी झालेली असते. आपला हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर आइसलँडचा सगळ्यात जुना दगडही दीड-पावणेदोन कोटींच्या आतबाहेर. नव्याचं तर विचारूच नका. विमानतळ ज्या रेक्यानेस द्वीपकल्पावर आहे, तिथे २०२१ पासून पुन्हा लाव्हा वर येऊ लागलाय आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक हे अख्खं गाव रातोरात रिकामं करावं लागलं.

रेक्याविकहून पहिला मुक्काम थिंगवेत्लिर. उत्तर अमेरिका आणि युरेशियाचे भूपट्ट इथे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर सरकतात. घळीतून चालताना एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला खचत गेलेली जमीन. आल्थिंग ही त्यांची लोकसभा इ.स. ९३० पासून इथे उघड्यावर भरायची. कायदे लिहिलेले नव्हते, तेव्हा ते पाठ असलेला माणूस सगळ्यांसमोर म्हणून दाखवायचा. १७ जून १९४४ ला प्रजासत्ताकाची घोषणाही याच जागी झाली.

गुलफॉस हा धबधबा भव्य आहे, पण गर्दीही तशीच. स्ट्रोक्कुर हा गरम पाण्याचा उसळता झरा दर काही मिनिटांनी पंधरा-वीस मीटर उंच उसळतो. सगळे मोबाइल रोखून त्या उसळीची वाट बघतात. खरी मजा त्याच्या क्षणभर आधी आहे, पाण्याचा निळा घुमट फुगतो तेव्हा. तो चुकवू नका.

विक या गावाजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर मात्र मी रेंगाळलो. वाळू काळी, आणि मागे कड्याला उभे षटकोनी खांब. लाव्हा हळूहळू थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली आहे त्यांना ओळख पटेल. तिथे माथ्यावर गावदेवी आणि भोवती इमारतींचा गराडा, इथे थेट अटलांटिक. समुद्राकडे पाठ करू नका, असं फलक बजावून सांगतात, कारण मध्येच एखादी लाट नेहमीपेक्षा फार आत येते आणि माणसाला ओढून नेते. इथे जीव गेलेले आहेत. तरी पाण्याला पाठ करून सेल्फी काढणारे दिसतातच.

विकच्या पुढे रस्ता एल्थ्राउन या लाव्हाच्या पठारातून जातो. नजर जाईल तिथवर खडबडीत ढेकळं आणि त्यांच्यावर गादीसारखं जाड, करडं-हिरवं शेवाळ. त्यावर पाय द्यायचा नाही. एकदा तुडवलं की ते भरून यायला कित्येक वर्षं लागतात. हा सगळा लाव्हा १७८३ चा. पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती, त्या वर्षी लाकी या डोंगराजवळ सुमारे २५ किलोमीटर लांबीची भेग फुटली आणि आठ महिने वाहत राहिली. डोंगराच्या तोंडातून नव्हे, जमीन उसवून लाव्हा येणं – दख्खनचं पठारही थरावर थर साचत असंच घडलं, फक्त कितीतरी अवाढव्य प्रमाणावर. लाकीच्या विषारी वायूंनी गवत नासलं, गुरं-मेंढरं मेली आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं दगावली. किर्क्युबायारक्लाउस्तुर गावाकडे लाव्हा सरकत असताना पाद्री योन स्टेइन्ग्रिमसन यांनी चर्चमध्ये प्रार्थना चालू ठेवली आणि लाव्हा अलीकडेच थांबला, असं सांगतात. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये जे थर मी नुसते मोजत आलो, तसा एक थर अंगावर येताना पाहिलेल्या माणसांचं हे गाव.

पूर्वेला योकुल्सारलोन. हिमनदीचे तुटलेले निळे तुकडे सरोवरात फिरत फिरत समुद्राला मिळतात. काही पुन्हा काळ्या वाळूवर येऊन पडतात. शंभर वर्षांपूर्वी हे सरोवर जवळपास नव्हतंच. १९३० च्या दशकात हिमनदी मागे हटू लागली तसं ते साठत गेलं, आणि आज ते देशातलं सगळ्यात खोल सरोवर आहे. हिमनदी अजून मागे सरकतेच आहे.