पत्ता नसलेल्या ४१ जणांच्या सूचना : माझा अनुभव

"पत्ता लिहा, नाहीतर अर्ज घेता येणार नाही." नगररचना विभागाच्या खिडकीवर हे वाक्य मी तीन दिवसांत चार वेळा ऐकलं. बेघरांच्या निवाऱ्यासाठी जागा राखून ठेवा, अशी ती सूचना होती आणि सूचना करणारे स्वतः बेघर होते. या गोष्टीला वर्ष होत आलं, तरी माझा संताप शमलेला नाही. शिवाय असं काम आणखी कुणी करत असेल, तर त्यांचे तेवढे तीन दिवस तरी वाचावेत, म्हणून लिहिते आहे.

आमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची याचा कच्चा नकाशा, प्रसिद्ध झाला होता. हरकती आणि सूचनांना ३० दिवसांची मुदत. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी एका निवारा केंद्रात जाते, म्हणून आराखड्यात पहिल्यांदा निवाऱ्याची आरक्षणं, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागा, शोधली. शाळा होत्या, दवाखाने होते, भाजी मंडई आणि वाहनतळही होते. बेघरांसाठी एकही जागा नव्हती.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ साली आलं. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा एक कायमस्वरूपी निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, बाराही महिने चोवीस तास उघडा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही आधी, २०१० मध्ये, मोठ्या शहरांना निवारे उभारायला सांगितलं होतं. आमचं शहर सहा लाखांच्या वर गेलंय आणि निवारे आहेत दोन. धोरण दिल्लीत ठरतं, बांधकामाला पैसे येतात, पण जमीन इथेच शोधावी लागते. आराखड्यात ती राखलीच नाही, तर पुढची वीस वर्षं "जागा उपलब्ध नाही" हेच उत्तर मिळत राहणार. म्हणून मला ही मुदत इतकी मोलाची वाटत होती.

बेघरांकडून त्यांच्या सूचना लिहून घेणं चार संध्याकाळींत झालं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एवढंच सांगते की छापील मजकुरावर सह्या घेऊ नका. प्रत्येकाला विचारा आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा.

एकेचाळीस अर्ज झाले आणि आम्ही त्या खिडकीपाशी अडकलो.

अर्जाच्या नमुन्यात सर्व्हे नंबर, मालमत्ता क्रमांक, पत्ता असे रकाने होते. ज्यांची जमीन आरक्षणात जाते, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून तो बनवलेला. पहिल्या दिवशी मिळकतीचा उतारा मागितला. दुसऱ्या दिवशी उतारा राहू द्या म्हणाले, पण प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स हवी. आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे आधार नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्या कार्डावर वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या गावाचा पत्ता. "पत्ताच नाही, मग सुनावणीची नोटीस कुठे पाठवू?" असं त्या कर्मचाऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त होता, हे मी मान्य करते. पण त्याचं उत्तर शोधायची तयारी तिथे कुणाचीच नव्हती. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तुम्ही तुमच्या एकटीच्या नावाने द्या ना. मुद्दा तोच आहे."

खरं सांगते, मी क्षणभर डगमगले. मुदतीचा पंचविसावा दिवस होता. पण माझ्याबरोबर आलेले काका, पुलाखाली राहणारे, नाक्यावर बिगारीचं काम करणारे, म्हणाले, "ताईंनी दिली तर ती ताईंची सूचना होईल. मी कुठे झोपतो ते मला ठाऊक आहे, मीच देणार."

त्या रात्री मी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ काढून बसले. कलम २८ म्हणतं की मुदतीत 'कोणतीही व्यक्ती' लेखी सूचना किंवा हरकत देऊ शकते. तिचं घर असावं, मिळकत असावी, असं तिथे काहीही नाही. दुसरा आधार मतदार यादीचा. बेघर माणसाने नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरला, तर निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) रात्री जाऊन तो सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का ते पाहायचं. एकापेक्षा जास्त रात्री जायचं आणि खात्री पटली की निवासाचा कागद मागायचा नाही. मत द्यायला जी जागा पत्ता म्हणून चालते, ती आराखड्यावर बोलायला का चालू नये?

दोन्हींच्या प्रती जोडून नगररचना विभागाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. राहण्याचं ठिकाण म्हणून प्रत्येकाची झोपायची जागा घातली: 'उड्डाणपूल, खांब क्रमांक १४', 'मंडईची मागची बाजू'. नोटिशीसाठी पत्ता निवारा केंद्राचा. आणि हे सगळं त्या खिडकीवर न देता मुख्य इमारतीतल्या आवक-जावक कक्षात दिलं. पहिल्याच दिवशी मी तिथे जायला हवं होतं. अठ्ठाविसाव्या दिवशी एकेचाळीस पोचपावत्यांवर शिक्के पडले. जिन्यात बसून मी रडले.

सुनावणीची नोटीस तीन दिवस आधी आली. मंगळवार, सकाळी अकरा. नाका आठला भरतो, म्हणजे येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडणार. नऊजणच येऊ शकले. संध्याकाळची वेळ द्या, असं अर्जातच लिहून मागायला हवं होतं, ते मला सुचलं नाही.

पण ते नऊजण काय बोलले! काका म्हणाले, निवारा बायपासला बांधला तर तो रिकामाच राहील, नाक्यावर चालत पोचता आलं पाहिजे. एका मावशींनी सांगितलं, दोन्ही निवारे फक्त पुरुषांचे आहेत, मी माझी मुलगी घेऊन कुठे जाऊ? भंगार गोळा करणाऱ्या दादांनी हातगाडी लावायला जागा मागितली, कारण गाडी चोरीला जाईल या भीतीने ते आजवर निवाऱ्यात आलेलेच नाहीत. सुनावणी घेणाऱ्या समितीतल्या एका सदस्याने विचारलं, जागा कोणती सुचवता? आम्ही आराखड्याच्या भागनकाशावर मंडईमागचा पालिकेचाच भूखंड रंगवून नेला होता. जागा दाखवता आली नाही, तर चर्चा सहानुभूतीवरच संपते.

समितीच्या अहवालात त्या भूखंडावर 'बेघर निवारा, कुटुंबांसह' असं आरक्षण सुचवलं आहे. शासनाची मंजुरी अजून बाकी आहे.

एक सांगायचं राहिलं. पोचपावत्या मिळाल्या की त्याच दिवशी झेरॉक्स काढून एक संच आपल्याकडे ठेवा. फुटपाथवरचं सामान अतिक्रमणाची गाडी उचलून नेते, त्यात कागदही जातात. आमच्या चौघांच्या पावत्या तशाच गेल्या. सुनावणीला त्यांचे क्रमांक सांगता आले, ते माझ्याकडच्या झेरॉक्सवरून.