इंडियमच्या चकतीची जबानी

सांगलीत मी एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत पॅराफिनच्या (मेणाच्या) पिंपात अमेरिशियम-बेरिलियमचा न्यूट्रॉन स्रोत आहे. परवा मुलांना मी न्यूक्लिअर फॉरेन्सिक्सचं, म्हणजे किरणोत्सारी खुणांवरून काय घडलं ते शोधण्याचं, एक कोडं घातलं. रात्रभर पिंपात ठेवलेली इंडियम या धातूची चकती दिली आणि विचारलं: ही स्रोतापासून किती अंतरावर होती, आणि बाहेर कधी काढली?

इंडियम निवडलं कारण ते एकाच वेळी दोन जबान्या देतं. संथ न्यूट्रॉन गिळला की किरणोत्सारी इंडियम-११६एम तयार होतं, अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ५४ मिनिटं. वेगवान न्यूट्रॉनचा नुसता धक्का बसला तर इंडियम-११५एम, अर्धायुष्य साडेचार तास. पॅराफिनमधून न्यूट्रॉन जितके लांब जातात तितके मंदावतात, म्हणून अंतर बदललं की दोघांचं प्रमाण बदलतं. पण वेळ गेला तरी बदलतं! नुसत्या गुणोत्तरावरून उत्तर निघत नाही.

बाकीच्यांनी सकाळीच अंदाज सांगून टाकले. तासगावकडची एक मुलगी मात्र डिटेक्टरपाशी बसून राहिली. ११६एमच्या गॅमा किरणांचं १२९४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर तिने मोजलं होतं, ११५एमचं ३३६चं दिसत नव्हतं.

"दुपारपर्यंत थांबायला लागंल मॅडम. ११६एमचा ढीग उतरल्याशिवाय खालचं काय दिसत नाय."

दुपारी ३३६चं शिखर वर आलं. मग तिने गेल्या वर्षीच्या तुकडीची वही काढली. दर दोन सेंटिमीटरला चकती ठेवून दोन्ही क्रियांची मोजमापं घेतलेला तक्ता त्यात होता. फार कंटाळवाणं काम होतं ते, मुलं तेव्हा वैतागली होती. दोन मोजण्या आणि हा तक्ता एकत्र घेतल्यावरच दोन्ही अज्ञातं सुटतात.

"सहा सेंटिमीटरवर हुती. साडेसहाला काढलीय, धा मिन्टं इकडंतिकडं."

खरं उत्तर लिहून ठेवलेला लिफाफा मी उघडून दाखवला. सहा सेंटिमीटर, ६:३५. मला भरून आलं.

मग मी वर्गाला जपानी रसायनशास्त्रज्ञ केंजिरो किमुरांबद्दल सांगितलं. १९४० साली जपानमध्ये भौतिकशास्त्रज्ञ निशिना आणि किमुरा यांच्या गटाने युरेनियमवर वेगवान न्यूट्रॉन सोडले. एक न्यूट्रॉन आत गेला, दोन बाहेर पडले, आणि युरेनियम-२३७ हाती लागलं, अर्धायुष्य पावणेसात दिवस. पुढे १ मार्च १९५४ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची पांढरी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. त्या राखेत किमुरांना तेच युरेनियम-२३७ सापडलं. बॉम्बची रचना गुप्त होती, तरी त्यात साध्या युरेनियमवर वेगवान न्यूट्रॉनचा मारा झाला होता हे राखेने सांगितलं. ती क्रिया आधी कुणी मोजलेलीच नसती, तर राखेचं म्हणणं कळलं असतं कुणाला?

ती मुलगी आता तक्ता नव्याने मोजतेय, एकेका सेंटिमीटरवर. संथ न्यूट्रॉन अडवायला प्रत्येक जागी कॅडमियममध्ये गुंडाळलेली चकतीही ठेवते. परीक्षेत याला गुण नाहीत, हे तिला माहीत आहे.