नाकतोडे कानाने ओळखायचे

जर्मनीत राहायला आल्यापासून ऑगस्टमधली दुपार मी गवताळ उतारावर काढते. परवा एकाच दगडावर दोन नाकतोडे बसले होते. दोन्ही मातकट, दोघांच्या मानेवर कंसासारख्या फिकट रेघा. भिंग लावून पाहिलं, फोटो काढले, तरी कुठला कोण ते कळेना.

मग एकजण गायला लागला. 'झ्र्‌र्‌', एका सेकंदापेक्षाही कमी. थोडा थांबला, पुन्हा तेवढंच. हा कॉर्थिपस ब्रुनियस जातीचा. दुसऱ्याने सुरुवात अगदी हळू केली, आवाज चढत चढत धातूसारखा खणखणीत झाला, दोन-तीन सेकंद टिकला आणि थांबला. लगेच दुसरी तान, आधीपेक्षा आखूड. हा कॉर्थिपस बिगुट्टुलस जातीचा. जर्मन लोक याला नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्यावरून नाइटिंगेल नाकतोडा म्हणतात, आणि मला ते नाव फार आवडतं.

दोघंही मागच्या मांडीच्या आतल्या बाजूचे बारीक दाते पंखाच्या शिरेवर घासून गातात. बिगुट्टुलसच्या नराच्या पुढच्या पंखाची कड मधे जरा फुगीर असते. ब्रुनियसचा पंख अरुंद. पण ही खूण पटायला नाकतोडा हातात धरावा लागतो, आणि मला ते नको वाटतं. माद्यांच्या बाबतीत तर ती फारशी कामाचीही नाही.

मादीचा कान पोट छातीला जोडलेलं असतं तिथे, पंखाखाली असतो. आपल्या जातीच्या नराची लय ऐकूनच ती उत्तर देते. त्यामुळे एकाच गवतात राहूनही संकर क्वचितच होतो.

ऊन गेलं तशी दोघांची लय मंदावली. मी उठले नाही.