शेवटांची वही, दुसरी फेरी: आठवडा १ ते ११

मालिका-सिनेमांच्या शेवटांना मी एका वहीत दहापैकी गुण देत आलोय. मागच्या नोंदीत म्हटलं होतं की वहीतले जुने गुण एकदा तपासून बघणार. अकरा आठवडे झाले, सहा शेवट बघून झाले आणि माझी चांगलीच पंचाईत झाली आहे. जुन्या वहीतली निम्मी मतं माझी नव्हतीच, असं दिसतंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी पद्धत सांगतो. मालिकेचे पहिले दोन आणि शेवटचे आठ भाग बघायचे, मधलं सगळं आठवणीवर. गुण तीनदा द्यायचे: क्रेडिट्स चालू असताना, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि आठवड्याने. जुन्या वहीतलं त्या मालिकेचं पान स्टेपल मारून बंद करून ठेवलेलं असतं. तिसरे गुण लिहून झाल्याशिवाय पिन काढायची नाही. या फेरीत धाकटी बहीण सोबत आहे. यातलं तिने जवळपास काहीच पाहिलेलं नव्हतं. ती फक्त एकदाच गुण देते आणि आठवडाभर त्यावरून भांडते.

इथून पुढे सगळे शेवट फुटणार आहेत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी परत फिरा.

आठवडा १ आणि २: लॉस्ट

विमान कोसळून बेटावर अडकलेल्या लोकांची मालिका. २३ मे २०१० ला शेवटचा भाग लागला. माझ्या वहीत त्याला १० पैकी ३ आणि खाली एकच ओळ: ‘सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते, सहा वर्षं फसवलं.’ ओळ ठळक, खाली दोन रेघा.

आता पुन्हा बघितलं. शेवटच्या काही मिनिटांत नायक जॅकचे वडील चर्चमध्ये त्याला अगदी सरळ शब्दांत सांगतात की जे घडलं ते सगळं खरं होतं. मरतो प्रत्येकजण कधी ना कधी, काही तुझ्या आधी गेले, काही तुझ्यानंतर खूप वर्षांनी. यात कोड्यासारखं काहीच नाही. मी दोनदा मागे नेऊन ऐकलं. मग पिन काढून जुनं पान वाचलं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात सापडलं: ‘शेवटची वीस मिनिटं झोप लागली, सकाळी मित्राकडून कळलं.’

म्हणजे चौदा-पंधरा वर्षं मी छातीठोकपणे जे मत मांडत होतो, ते मित्राचं होतं. त्या बिचाऱ्याचीही फारशी चूक नाही. त्या रात्री क्रेडिट्सच्या मागे वाहिनीने किनाऱ्यावरच्या विमानाच्या रिकाम्या सांगाड्याची दृश्यं लावली होती. शेवटानंतर एकदम बातम्या आदळू नयेत, थोडा श्वास मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. लोकांनी त्याचा अर्थ लावला की कोणी वाचलंच नाही. कथेशी संबंध नसलेल्या काही सेकंदांनी एका अख्ख्या पिढीचं मत घडवलं.

नवे गुण: ७, ७, ८. पहिल्याच भागात उघडणारा जॅकचा डोळा शेवटी मिटतो, हे मला माहीत होतं, तरी कुत्रा शेजारी येऊन बसला तेव्हा व्हायचं ते झालंच. बहिणीने ५ दिले. तिचं म्हणणं, ‘दादा, मधले सीझन तुला आठवतायत म्हणून तू रडतोयस, मला कुठे आठवतायत?’ मुद्दा बरोबर आहे. पद्धतीतली त्रुटी म्हणून नोंदवून ठेवला.

आठवडा ३ ते ५: गेम ऑफ थ्रोन्स

हिच्याबद्दल नवीन काय लिहायचं? शेवटचा सीझन पुन्हा काढा म्हणून निघालेल्या अर्जावर पंधरा लाखांहून जास्त सह्या पडल्या. सही माझीही होती. म्हणून यंदा ठरवलं की ‘घाई केली’ एवढंच म्हणून थांबायचं नाही, घाई नेमकी कुठे आहे ते मोजायचं.

पहिल्या भागात राजाचा लवाजमा विंटरफेलला पोहोचतो तेव्हा त्याची राणी सर्सी कुरकुरते की महिनाभर वाटेत आहोत. तो महिना पडद्यावर दिसत नाही, पण थकलेले घोडे, गाड्या, चिडचिड यातून कळतो. सातव्या सीझनच्या सहाव्या भागात मात्र भिंतीपलीकडे अडकलेल्यांसाठी एकजण धावत जातो, कावळा सुटतो, तो ड्रॅगनस्टोनला पोहोचतो, दुसरी राणी, डॅनेरिस, ड्रॅगनवर बसून येते, आणि बर्फाच्या मधोमध उभी असलेली माणसं तोवर तशीच उभी. मला हे जुळेना म्हणून कागद घेऊन बसलो. सीझन १ ते ६ प्रत्येकी १० भाग, सातवा ७, आठवा ६, एकूण ७३. भाग कमी झाले म्हणजे काय झालं, तर प्रवास गेले. या मालिकेतली निम्मी नाती प्रवासात तयार झाली आहेत: ब्रिएन आणि जेमी, आर्या आणि हाउंड. वाटच राहिली नाही तर माणसं बदलणार कुठे? डॅनेरिसचं शेवटचं वळण मला आजही चुकीचं वाटत नाही, पण तिथवर जायला तिला रस्ताच दिलेला नाही.

शेवटाचे गुण: ४, ४, ५. जुने १ होते. म्हणजे राग ओसरलाय, मत फारसं हललेलं नाही.

आठव्या सीझनमधल्या ‘द लाँग नाइट’ या लढाईच्या भागाची गोष्ट मात्र वेगळी. जवळपास ८२ मिनिटांचा भाग, ५५ रात्रींचं चित्रीकरण, आणि माझ्या वहीत ‘काळोख, ३’. छायाचित्रकार फॅबियन वॅग्नर तेव्हा म्हणाले होते की लोकांना आपला टीव्ही नीट लावता येत नाही. मला ते उद्धट वाटलं होतं. या वेळी खोलीत पूर्ण अंधार केला, टीव्हीचा झगझगीत मोड बंद केला, हालचाल गुळगुळीत करणारी ती आगाऊ सोयही बंद केली आणि उत्तम प्रत लावली. डोथ्राकी घोडेस्वारांच्या पेटत्या तलवारी दूर अंधारात घुसतात आणि एकेक करून विझत जातात. आवाज जवळजवळ नाहीच. बहिणीने उशी छातीशी धरली होती. मी २०१९ ला हे दृश्य भरदुपारी खिडकीशेजारी, पडदा न ओढता बघितलं होतं. खिडकीतलं झाड मात्र स्पष्ट दिसत होतं.

८ गुण. तरी वॅग्नरना पूर्ण सूट नाही. प्रक्षेपणात चित्र दाबलं जातं तेव्हा काळ्या रंगाचे ठोकळे पडतात, आणि ते कुठल्याही सेटिंगने जात नाहीत.

आठवडा ६ आणि ७: हाउ आय मेट युअर मदर

या दोन आठवड्यांनी वहीत एक नवा रकाना दिला: ‘शेवट कोणी ठरवला?’

प्रकार असा. टेड हे वडील आपल्या दोन मुलांना त्यांची आई कशी भेटली याची गोष्ट सांगतायत अशी रचना आहे. मालिका चालली नऊ वर्षं आणि मुलं तर मोठी होणार. म्हणून मुलांची शेवटची प्रतिक्रिया सुरुवातीच्या काळातच, दुसऱ्या सीझनच्या सुमारास चित्रित करून ठेवली. ती टेप तशीच पडून राहिली, आणि ३१ मार्च २०१४ ला मालिका संपवताना त्याच टेपला जाऊन मिळणं भाग होतं. दरम्यान पात्रं कुठल्या कुठे गेली. टेडचा मित्र बार्नी आणि टेडची जुनी प्रेयसी रॉबिन यांचं लग्न हवंसं वाटायला लागलं. आई सापडली, आणि क्रिस्टिन मिलिओटीने ती अशी काही उभी केली की प्रेक्षक तिच्याच प्रेमात पडले. नववा सीझन जवळजवळ सगळाच एका लग्नाच्या शनिवार-रविवारात घालवला, आणि शेवटच्या भागात ते लग्न काही मिनिटांत मोडलं, आई दोन वाक्यांत गेली, टेड निळं फ्रेंच हॉर्न घेऊन रॉबिनच्या खिडकीखाली हजर.

माझ्या जुन्या नोंदीत ‘लेखकांना काही सुचलं नाही’ असं आहे. उलट आहे सगळं. त्यांना फार आधी सुचलं होतं, आणि नंतर सुचलेलं जास्त चांगलं होतं. आपण आठ वर्षांपूर्वी स्वतःलाच दिलेल्या शब्दाला जागण्यात हा शेवट फसला. डीव्हीडीवर दुसरा शेवट आहे, त्यात आई जगते आणि गोष्ट रेल्वे स्टेशनवरच्या छत्रीपाशी थांबते. बहिणीला मुद्दाम आधी तोच दाखवला. तिने ९ दिले. मग खरा शेवट दाखवला. तिने वही ओढून घेऊन तिथे ० लिहिला आणि म्हणाली, ‘हे आधी सांगायचं होतंस ना!’ प्रयोग म्हणून उत्तम, घरगुती शांततेच्या दृष्टीने नाही.

माझे: ४, ५, ५.

आठवडा ८: शोले

नव्या रकान्यासाठीच मध्ये हा घेतला. १९७५ चा, आणि शेवट प्रत्येकाला पाठ: ठाकूर गब्बरला तुडवत असतो आणि पोलीस येऊन थांबवतात. मला हा शेवट कायम मिळमिळीत वाटायचा आणि मी त्याचे गुण रमेश सिप्पींच्या खात्यातून कापायचो. मुळात त्यांनी चित्रित केलं होतं ते वेगळंच. ठाकूर खिळे मारलेल्या जोड्यांनी गब्बरला संपवतो. आणीबाणीचा काळ, सेन्सॉरने हरकत घेतली, शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. एवढं माहीत असूनही मी इतकी वर्षं त्यांनाच दोष देत होतो, हे लिहिताना हसू येतंय. गुण बदलले नाहीत, ६ च. फक्त वजाबाकी दुसऱ्या खात्यात टाकली.

आठवडा ९ आणि १०: ब्रेकिंग बॅड

शेवटचे आठ भाग म्हणजे २०१३ चा पाचव्या सीझनचा उत्तरार्ध, पद्धतीत चपखल बसतो. यावर फार लिहीत नाही, सगळ्यांचं एकमत आहे आणि एकमतावर लिहायला मजा येत नाही. त्यातल्या ‘ओझिमँडियस’ या भागाला १०, १०, १०. अमली पदार्थ बनवणारा नायक वॉल्ट फोनवर बायकोला वाट्टेल ते बोलतो आणि पलीकडे पोलीस ऐकतायत. पहिल्या वेळी मला तो फक्त राग वाटला होता, ती तिची सुटका आहे हे कळायला दुसरी वेळ लागली.

पण नियम मोडून तिसऱ्या सीझनचा दहावा भाग घातला: ‘फ्लाय’. अख्ख्या भागात दोन माणसं, एक प्रयोगशाळा, एक माशी. पैसे संपत आले होते म्हणून एकाच जागेत उरकलेला भाग, आणि चाहत्यांत यावर आजही दोन तट आहेत. माझे जुने गुण: २, ‘वगळा’. दिग्दर्शक कोण, तर रायन जॉन्सन. ‘ओझिमँडियस’ही त्याचाच. एकाच माणसाचा एक भाग मी देव्हाऱ्यात ठेवला होता आणि दुसरा वगळायला सांगत फिरत होतो.

जुन्या पानावर तारीख बघितली. त्या रात्री मी सात भाग सलग बघितले होते, ‘फ्लाय’ सहावा. पुढे काय होतं या घाईत माणूस माशी कशाला बघेल? या वेळी एकटाच भाग, एका संध्याकाळी. वॉल्टचा साथीदार जेसी शिडीवर चढलाय, खाली वॉल्ट गुंगीत शिडी धरून उभा आहे, आणि जेसीच्या प्रेयसीबद्दल, जिला वॉल्टने डोळ्यांदेखत मरू दिलं त्या जेनबद्दल, बोलता बोलता त्याच्या तोंडून खरं निसटतंय की काय असं वाटायला लागतं. शिडी हलते. मी पुढे सरकून बसलो होतो. मला काय होणार ते पाठ असताना.

८, ९, ९. ‘वगळा’ या शब्दावर काट मारली.

आठवडा ११: द सोप्रानोज

१० जून २००७. माफियाचा म्होरक्या टोनी मान वर करतो आणि पडदा काळा. त्या रात्री कितीतरी लोकांना केबल गेली असं वाटलं होतं. मी बहिणीला काहीच सांगितलं नव्हतं. हॉटेलचं दार, वर घंटी, बाहेर टोनीच्या मुलीची, मेडोची गाडी काही केल्या जागेत बसत नाही, जाकीटवाला माणूस बाथरूमकडे जातो. पुन्हा घंटी. काळं. बहिणीने रिमोट उचलला, नेट गेलं का बघायला. मी श्वास धरून बसलो. साधारण दहा सेकंद तसंच, मग क्रेडिट्स.

‘संपलं?’

‘हो.’

तिने रिमोट खाली ठेवला नाही. मालिका मागे नेली, थेट टोनी हॉटेलात शिरतो तिथपर्यंत, आणि वही मागितली. दर वेळी घंटी वाजली की टोनी कुठे बघतो ते लिहून काढायला लागली. तीन फेऱ्या झाल्या. मी मधे माझे पहिले गुण लिहिले, ९. जुनं पान अजून बंद आहे, पिन पुढच्या रविवारी निघेल. तिचा रकाना रिकामाच आहे. गुण द्यायचे तर आधी सगळे ८६ भाग बघणार म्हणते. आठवड्याला चार या हिशेबाने पुढच्या पाच महिन्यांचं वेळापत्रक तिने फ्रीजवर चिकटवलंय, आणि त्यात माझं नाव मला न विचारता घातलंय.