खूण नेलीस ती नेलीस, पान तरी सांग

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर तीनदा मेसेज आला आणि तिन्ही वेळा मी अंगठा दाखवून गप्प बसलो, कारण शाळेत मी कधी पहिला आलो नाही, गॅदरिंगला स्टेजवर गेलो नाही, कबड्डीत तर राखीवमध्येपण नव्हतो. पण लायब्ररीच्या तासाला बाईंच्या हाताखाली पुस्तकं लावायला जो एक बारकासा मुलगा असायचा तो मी. तिथे लागलेली सवय आज पन्नाशीला आलो तरी सुटली नाहीये, घरात बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे भरलेत, बायको त्याला कचरा म्हणते, मी वाचनखुणांचा संग्रह म्हणतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी यावरून आमचं एकदा तरी होतं.

बुकमार्क हा शब्द मी खूप नंतर ऐकला. आमच्याकडे नुसती खूण. पुस्तकात खूण घाल आणि जेवायला ये, एवढंच.

सुरुवात खरं तर शाळेत नाही, घरात झाली, आणि चोरीने झाली. माझा काका लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, आज मिटेल उद्या मिटेल करत वर्षभर काढलं आणि मग तो ट्रंक घेऊन वेंगुर्ल्याला परत आला तो आलाच. आमच्या वाडीतच असे चार-पाच जण होते. काजूची बाग होती म्हणून जेवायची ददात नव्हती, पण माणूस गप्प झाला. त्या ट्रंकेत कापडाच्या ताग्याची एक किनार होती, वीतभर लांब, पांढरी, आणि तिच्यावर गिरणीचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं. श्रावणात तो रोज रात्री पोथी वाचायचा आणि खूण म्हणून तीच किनार घालायचा. मला ती सोनेरी अक्षरं एवढी आवडली की एक दिवस ती काढून मी माझ्या भूगोलात घातली. रात्री काकाने पोथी उघडली, पानं मागे पुढे केली, परत केली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "खूण व्हरलंस ती व्हरलंस रे झिला, पान तरी सांग." पान कुठे मी बघितलं होतं! ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या रात्री त्याने अंदाजाने कुठून तरी सुरू केलं आणि आजी म्हणाली, हे काल झालं होतं ना रे.

पाचवीत, म्हणजे 1986 ला, बाईंनी मला परत आलेली पुस्तकं झटकून कपाटात लावायचं काम दिलं. झटकली की काहीतरी पडायचंच. बसचं तिकीट, मोरपीस, उदबत्तीच्या पुड्याचं वेष्टण, काडेपेटीचं झाकण, गोळ्यांची रिकामी पट्टी, कोणाचा तरी घटक चाचणीचा पेपर (मार्क सांगत नाही, ती व्यक्ती आज ग्रुपची अ‍ॅडमिन आहे). बाई म्हणाल्या हवं ते ने. पण काकाचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून मी प्रत्येक खुणेच्या मागे शिसपेन्सिलीने पुस्तकाचा नंबर आणि पान लिहायला लागलो. बाईंना आधी हसू आलं, मग त्यांनी स्वतःची पेन्सिलच मला देऊन टाकली.

पान लिहिलं की मग ते नुसतं तिकीट राहत नाही. जाड कादंबऱ्यांतल्या खुणा बहुतेक पहिल्या तीसेक पानांतच सापडायच्या, म्हणजे कोण किती वाचतंय ते बाईंच्या आधी मला कळायचं. एका भुताच्या गोष्टींच्या पुस्तकात तर तीन वेगवेगळ्या वर्षी, तीन वेगवेगळ्या मुलांच्या खुणा एकाच गोष्टीच्या मधल्या पानावर मिळाल्या. मी ती गोष्ट रात्री वाचायला घेतली. मीही तिथेच थांबलो, पुढे काय होतं मला आजही माहीत नाही.

एसटीच्या तिकिटांचं मात्र वेगळं प्रेम. कंडक्टरच्या त्या पत्र्याच्या पेटीत वेगवेगळ्या रंगांचे गठ्ठे असायचे आणि पंचने टिकटिक करून तो भोकं पाडायचा. कागद फडतूस, पण चाळीस वर्षं झाली तरी छपाई जागेवर आहे. आता मशीनमधून येतं ते तिकीट चार-सहा महिन्यांत कोरं होतं, मी दोन-तीन ठेवून बघितली, मागे माझी पेन्सिल तेवढी दिसते. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे अख्ख्या मार्गावर सुरू झाली तेव्हा मी मुंबईत नोकरीला लागलो होतो, त्या वर्षी गणपतीला पहिल्यांदा गाडीने कुडाळला उतरलो ते जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीटही डब्यात आहे. गर्दीत कोणी मागितलं नाही, मी दिलं नाही.

आपल्याकडे खुणा टिकवणं हे एक कामच आहे. पावसात चार महिने कपाटाला बुरशीचा वास, त्यात कसर लागते ती वेगळीच. टाचणी किंवा क्लिप लावलीत तर गंजाचा डाग पानावर कायमचा बसतो, म्हणून धातूचं काही नको. आंब्याचं पान वाळून मोडतं, फणसाचं वाकडं होतं (ते पेज खायला दुमडून घ्यावं, तेवढंच त्याचं काम). आणि काजूच्या बोंडूचा रस लागलेला हात तर पुस्तकाला लावूच नये, तो डाग साबणाच्या बापाला जात नाही. पिंपळपान सगळ्यात चांगलं, पाण्यात काही आठवडे कुजवायचं, मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने गर काढायचा, नुसती जाळी उरते. सातवीत मी असं एक पान करायला घरातली कळशी वापरली होती. वासावरून सापडलो.

विकतचे बुकमार्क मला फारसे रुचत नाहीत. कोणाच्याच पुस्तकात न राहिलेली खूण कसली? एक अपवाद, सावंतवाडीहून मित्राने आणलेली गंजिफाच्या चित्राची पट्टी, मत्स्यावताराची. गंजिफाचे खरे पत्ते गोल असतात, हाताने रंगवलेले, दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी 12 असे 120. गोल पत्ता खूण म्हणून घातला तर आत सरकून हरवतो, हे मी पुठ्ठ्याची चकती कापून करून बघितलंय.

आणि एक गोष्ट काकाला सांगायची राहून गेली. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री म्हणून गाव आहे, तिथे घरोघर रेशमी फिती विणायचे. 1860 ला फ्रान्सशी व्यापाराचा करार झाला, तिकडच्या फितींवरची जकात गेली आणि या लोकांचे माग बंद पडले, हजारो बेकार झाले. तेव्हा थॉमस स्टीव्हन्स नावाच्या तिथल्याच विणकराने जॅकार्ड मागावर रंगीत चित्रं विणलेल्या रेशमी वाचनखुणा काढल्या, 1862 च्या सुमाराला, आणि त्या इतक्या खपल्या की आज संग्राहक त्या शोधत फिरतात. हे मी वाचलं तेव्हा काका जाऊन दोन वर्षं झाली होती. तो काय म्हणाला असता माहितीये, "त्येंचे साचे चालू तरी झाले."

ती किनार मी चोरली त्याच आठवड्यात परत केली होती. अजून पोथीतच आहे, ती काही मी डब्यात आणलेली नाही.

आता मुद्द्याचं. महोत्सवाला तिन्ही डबे घेऊन येतोय, लायब्ररीत टेबलावर मांडणार आहे. 1986 ते 1992 मधलं कोणाचं काही असेल तर घेऊन जा. सुरंगीच्या वळेसराचा (गजऱ्याचा) दोरा आहे, एक फूल अजून चिकटलेलं, शिवणकामाच्या पुस्तकातला. मालवण गाडीचं अर्धं तिकीट आहे, मागे कोणीतरी बेरीज केलीये आणि चुकलीये. एका चिठ्ठीवर नुसतं "उद्या नको, परवा" लिहिलंय, ती कवितेच्या पुस्तकात होती. फक्त पान नंबर सांगावा लागेल, त्याशिवाय मिळणार नाही.